हार्लेमची पलटण

आधी कागद फाटल्याचा आवाज ऐका. तारीख 5 जून 1917, गाव न्यूयॉर्क. दोन महिन्यांपूर्वी अमेरिका महायुद्धात उतरली आहे आणि सक्तीच्या भरतीसाठी 21 ते 30 वयाच्या पुरुषांनी आज नाव नोंदवायचं आहे. तुम्ही रांगेत उभे आहात. टेबलामागचा कारकून नाव, पत्ता, जन्मतारीख, कामधंदा सगळं कार्डावर उतरवून घेतो. मग तुमच्या पुढच्या माणसाकडे एकदा पाहतो आणि कार्डाचा खालचा डावा कोपरा फाडून टाकतो. हे त्याच्या मनचं नाही. माणूस आफ्रिकी वंशाचा असेल तर हा कोपरा फाडावा, अशी सूचनाच त्या कोपऱ्यावर छापलेली आहे. गठ्ठा हातात घेतला की कोणती कार्डं गोऱ्यांची आणि कोणती काळ्यांची हे न वाचता कळावं, म्हणून ही सोय.

आता तुमची पाळी. कारकून तुमच्या सावळ्या चेहऱ्याकडे पाहून थबकतो. तुमच्या कार्डाचा कोपरा त्याच्या चिमटीत आहे.

तेवढ्यात आपण पुढे निघू. याच दिवशी हेन्री जॉन्सन नावाचा एक तरुण आपणहून फौजेत दाखल झाला आहे. ऑल्बनीच्या युनियन स्टेशनवर तो हमाल आहे, उतारूंच्या बॅगा वाहतो. उंची पाच फूट चार इंच, वजन साठ किलोही भरत नाही. त्याच्यावर नजर ठेवा.

हार्लेममध्ये या. सेव्हन्थ ॲव्हेन्यूवर नाचाचा एक हॉल भाड्याने घेतलेला आहे आणि तिथे कवायत चालू आहे. माणसं वेटर आहेत, लिफ्ट चालवणारी आहेत, हॉटेलांच्या दारांवर उभी राहणारी आहेत. बंदुका अजून मिळालेल्या नाहीत, म्हणून बऱ्याच जणांच्या खांद्यावर झाडूचे दांडे आहेत. ही न्यूयॉर्क नॅशनल गार्डची 15 वी पलटण. 1916 मध्ये उभी राहिली. कर्नल विल्यम हेवर्ड गोरे आहेत, बहुतेक अधिकारीही गोरेच. पण कॅप्टन नेपोलियन मार्शल हा हार्वर्डचा कृष्णवर्णीय वकील आहे आणि बँडचा प्रमुख लेफ्टनंट जेम्स रीस युरोप, म्हणजे सगळ्यांचा जिम, हा न्यूयॉर्कच्या नाचगाण्याच्या जगातला मोठा माणूस आहे. 1912 साली त्याने कृष्णवर्णीय वादकांचा ताफा थेट कार्नेगी हॉलच्या मंचावर नेला होता. पलटणीच्या बँडसाठी चांगले क्लॅरिनेटवाले मिळेनात, तेव्हा तो पोर्टो रिकोला जाऊन तिथून वादक घेऊन आला.

इथून पश्चिमेच्या टेकडीवर चढून गेलात तर मॉर्निंगसाइड हाइट्स लागतं. तिथे कोलंबिया विद्यापीठात 1913 ते 1916 अशी तीन वर्षं भीमराव रामजी आंबेडकर शिकले. पलटण उभी राहत होती त्याच सुमारास ते लंडनला गेले, त्यामुळे ही कवायत त्यांनी पाहिली असेल असं मी म्हणणार नाही. पण ते सुभेदाराचे चिरंजीव, महूच्या लष्करी छावणीत जन्मलेले. त्यांच्या वडिलांची पिढी फौजेत होती आणि नंतर इंग्रजांनी ‘लढाऊ जातीं’चं खूळ डोक्यात घेऊन महारांची भरतीच बंद केली. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे 1910 साली ती पुन्हा सुरू करा म्हणून सरकारकडे अर्ज करत होते. महायुद्धात माणसं कमी पडू लागली तशी 1917 मध्ये 111 महार ही पलटण उभारली गेली आणि गरज संपल्यावर 1921 मध्ये मोडली गेली. झाडूचे दांडे खांद्यावर घेतलेल्या या माणसांकडे मी परका म्हणून पाहूच शकत नाही. एरवी ज्यांना वेशीबाहेर ठेवलं, त्यांनाच मरणाच्या कामाला आत बोलावणं त्या वर्षी दोन्हीकडे चालू होतं.

यांनी मुळात का लढावं? हा प्रश्न हार्लेमच्या फुटपाथवर तुमच्या कानावर पडेल. ए. फिलिप रँडॉल्फ आणि चँडलर ओवेन हे दोन तरुण लवकरच ‘द मेसेंजर’ नावाच्या मासिकातून विचारणार आहेत की दक्षिणेत आम्हाला झाडाला टांगून मारतात, मत देऊ देत नाहीत, तर ही लोकशाहीची लढाई आमची कशी? दुसरीकडे ‘द क्रायसिस’चे संपादक डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस पुढच्या वर्षी लिहिणार आहेत की युद्ध चालू आहे तोवर आपली गाऱ्हाणी बाजूला ठेवू आणि खांद्याला खांदा लावू. त्यांच्यावर त्यांच्याच माणसांनी सडकून टीका केली. कवायतीतल्या हमालाला विचारलंत तर तो बहुधा एवढंच सांगेल की आम्ही रक्त सांडलं तर उद्या कोणी आम्हाला नाही म्हणू शकणार नाही. मला त्याच्या या हिशेबाने पोटात तुटतं. तो चूक आहे म्हणून नव्हे. नागरिक असण्यासाठी त्याला असा हिशेब मांडावा लागतो म्हणून.

ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या गोऱ्या पलटणींना वाजतगाजत निरोप मिळतो. त्या ‘रेनबो’ नावाच्या डिव्हिजनमध्ये जाणार आहेत. आमच्याही पोरांना त्या मिरवणुकीत चालू द्या, अशी विनंती हेवर्ड करतात. इंद्रधनुष्यात काळा रंग नसतो, असं उत्तर येतं. परत येऊ तेव्हा अशी मिरवणूक काढू की शहर पाहत राहील, असा निश्चय हेवर्ड मनाशी करतात.

ऑक्टोबरमध्ये तुम्ही पलटणीबरोबर दक्षिणेत उतरता. साउथ कॅरोलायनातलं स्पार्टनबर्ग, तिथली कॅम्प वॉड्सवर्थ ही छावणी. पलटण येणार हे कळल्यापासून गावात धुसफूस आहे. ऑगस्टच्या अखेरीस महापौरांनी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रातून बजावलं होतं की या उत्तरेकडच्या काळ्यांना बरोबरीने वागवून घ्यायची सवय असेल, इथे ते चालणार नाही. त्याच्या आठवडाभर आधी टेक्ससमध्ये ह्यूस्टनला 24 व्या इन्फंट्रीचे कृष्णवर्णीय शिपाई पोलिसांच्या छळाला कंटाळून बंड करून उठले होते आणि त्या रात्री माणसं मेली होती. डिसेंबरात त्यांतल्या 13 जणांना एकाच पहाटे फाशी दिलं जाईल, वरच्या कोणाकडे अपील करायची संधीही न देता. म्हणून स्पार्टनबर्गच्या रस्त्यावर चालताना पलटणीतल्या प्रत्येकाला कडक ताकीद आहे. कोणी शिवी दिली तर गप्प बसायचं, कोणी हात उचलला तरी हात उचलायचा नाही.

कॅप्टन मार्शल ट्रॉलीत बसतात, भाडं भरतात आणि तरीही त्यांना खाली उतरवलं जातं. हार्वर्डची पदवी आणि खांद्यावरची कॅप्टनची पट्टी यांचा काही उपयोग होत नाही.

आता एका हॉटेलच्या लॉबीत थांबा. आत न्यूयॉर्कचेच बरेच गोरे शिपाई बसलेले आहेत. जिम युरोपने आपल्या नोबल सिसलला न्यूयॉर्कची वर्तमानपत्रं आणायला पाठवलं आहे. सिसल हा गायक, बँडचा ड्रम मेजर, सभ्य आणि मृदू माणूस. तो काउंटरवर जातो, पेपर घेतो, पैसे देतो आणि वळतो. मागून कोणीतरी त्याची कॉलर धरतं आणि टोपी उडवतं. हॉटेलचा मालक आहे. टोपी काढली नाहीस म्हणून तो ओरडतो. सिसल टोपी उचलायला वाकतो, तेव्हा मालक लाथ घालतो. पुन्हा घालतो.

लॉबी उठून उभी राहते. आता जे गोरे शिपाई उभे आहेत ते मालकाच्या बाजूने नाहीत. त्यांच्या अंगावर तोच गणवेश आहे जो सिसलच्या अंगावर आहे. हॉटेल फोडून टाकायच्या बेताने ते पुढे सरकतात. तुम्हालाही वाटतं की फोडावंच. आणि तेवढ्यात दारातून जिम युरोप आत येतो. धिप्पाड माणूस, जाड भिंगांचा चष्मा. काय झालं ते त्याच्या लक्षात येतं. तो सगळ्यांना टोप्या उचलून शांतपणे बाहेर पडायचा हुकूम देतो. एकही काच फुटत नाही. मालकाशी दोन शब्द बोलून तो स्वतः सगळ्यांत शेवटी बाहेर येतो.

मला वाटतं, या माणसाने फ्रान्समध्ये पुढे जे धैर्य दाखवलं त्याहून हे मोठं होतं. आपल्या माणसाला लाथ बसलेली पाहून शंभर जणांना मागे हटायला सांगणं, कारण ठिणगी पडली तर ह्यूस्टनसारखे फास आपल्याच पोरांच्या गळ्यात पडतील हे त्याला ठाऊक होतं. गावातल्या काही दुकानदारांना न्यूयॉर्कच्या गोऱ्या शिपायांनी सुनावलं की या पोरांना माल विकणार नसाल तर आम्हीही तुमच्या दुकानात पाय ठेवणार नाही. हेही घडलं, आणि ते सांगायला हवं.

युद्धखात्याला आता पेच पडला. पलटण इथे ठेवावी तर दंगा होईल, दुसऱ्या छावणीत हलवावी तर गावाच्या दांडगाईपुढे नमल्यासारखं होईल. तोडगा निघाला तो असा की यांना थेट फ्रान्सला पाठवा. जेमतेम दोन आठवड्यांच्या मुक्कामानंतर पलटणीने तळ उठवला.

‘पोकाहॉन्टास’ नावाचं जहाज बंदरातून निघतं आणि परत येतं. एकदा इंजिन बिघडतं, एकदा आग लागते, एकदा हिमवादळात दुसरं जहाज येऊन धडकतं. फाटलेली कड ठोकूनठाकून अखेर समुद्र ओलांडला जातो. 1 जानेवारी 1918 ला ब्रेस्टच्या धक्क्यावर तुम्ही थंडीने कुडकुडत उभे आहात. जिमचा बँड फ्रान्सचं राष्ट्रगीत वाजवतो. धक्क्यावरचे फ्रेंच खलाशी आणि शिपाई नुसते बघत राहतात. काही क्षण गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यांवर ओळख उमटते आणि सगळे ताडकन सलामीत उभे राहतात. आपलंच राष्ट्रगीत, पण ताल हार्लेमचा. असं त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं.

त्यानंतरचे अडीच महिने सॅन नाझेरला फावडी आणि कुदळी. रेल्वेचे रूळ टाकायचे, बंदरात माल उतरवायचा, चिखल उपसायचा. या युद्धात अमेरिकी सेनेत सुमारे 3,80,000 कृष्णवर्णीय होते. त्यांतले 2,00,000 च्या आसपास युरोपात गेले, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला हेच आलं, कारण बंदूक त्यांच्या हाती द्यायची सेनेची इच्छा नव्हती. मरीन कोरने तर एकालाही घेतलं नाही. बंदरावर राबलेल्या त्या माणसांची नावं कोणत्याही शौर्यपटावर नाहीत. युद्ध मात्र त्यांच्या पाठीवरून वाहिलेल्या सामानावर चाललं.

हेवर्डनी जनरल पर्शिंगकडे लकडा लावला. पर्शिंगना फ्रेंचांना काही पलटणी द्यायच्या होत्या. आपल्या गोऱ्या पलटणी परक्या हुकमाखाली द्यायला ते तयार नव्हते. काळ्यांच्या चार दिल्या. आपल्या पलटणीचा नंबरही बदलला, ती आता 369 वी इन्फंट्री झाली. अमेरिकी बंदूक काढून घेतली गेली आणि फ्रेंच बंदूक हातात आली. डोक्यावर फ्रेंच हेल्मेट, कमरेला फ्रेंच पट्टा, अंगात तेवढा अमेरिकी गणवेश. आपल्या देशाने असं दुसऱ्याच्या पदरात टाकलं याचं दुःख काहींना होतंच. पण फ्रेंच अधिकारी हात मिळवतो, शेजारी बसून जेवतो, पत्ता विचारतो. ऑल्बनीच्या हमालाला हे नवीन आहे.

आता आवाज करू नका. 1918 च्या मे महिन्याचा मध्य, रात्र उलटून गेलेली. आर्गोन जंगलाच्या कडेला, काटेरी तारांच्या जाळ्यामागे एक चौकी आहे. चौकी म्हणजे खड्डा, वर थोड्या फळ्या आणि माती. आत हेन्री जॉन्सन आणि न्यू जर्सीतल्या ट्रेंटनचा नीडहॅम रॉबर्ट्स. रॉबर्ट्स अजून वीस वर्षांचाही नाही. तुम्ही त्यांच्या मागे अंग चोरून बसला आहात. गुडघ्यांतून ओल चढते आहे.

कट्. थांबून पुन्हा कट्.

कोणीतरी तार कापतंय.

जॉन्सन हातबॉम्ब हाताशी ओढतो. रॉबर्ट्सला मागे जाऊन खबर द्यायला सांगतो. तो निघतो न निघतो तोच काळोखातून जर्मन बॉम्ब येऊन पडतात. रॉबर्ट्स हाता-पायांत लोखंडाचे तुकडे घेऊन कोसळतो. उठता येत नाही, तरी पडल्या पडल्या तो जॉन्सनच्या हातात एकेक बॉम्ब देत राहतो आणि जॉन्सन फेकत राहतो. बॉम्ब संपतात. फ्रेंच बंदुकीत एका वेळी तीनच गोळ्या बसतात. त्या तीन सुटतात आणि पुढच्या भरताना बंदूक अडकते. तोवर ते खड्ड्यावर आलेले असतात. जॉन्सन बंदूक उलटी धरून दस्त्याने हाणतो. दस्ता फुटतो. त्याच्या डोक्यावर घाव बसतो, तो खाली पडतो, आणि पडलेल्या जागेवरून त्याला दिसतं की दोघे जण रॉबर्ट्सला उचलून पलीकडे न्यायला लागले आहेत. कैदी पकडून माहिती काढायची, यासाठीच ही टोळी आलेली होती.

त्याच्या कमरेला बोलो नावाचा जड, रुंद पात्याचा सुरा आहे. तो उठतो.

पुढच्या मिनिटांचं वर्णन वर्तमानपत्रांनी चवीने केलं आणि त्याला ‘ब्लॅक डेथ’ असं नाव चिकटलं. मला ते नाव आवडत नाही. तुम्ही तिथे होतात, तुम्ही काय पाहिलंत? एक लहानखुरा माणूस, अंगात गोळ्या गेलेल्या, आपल्या सोबत्याला नेऊ देत नव्हता. एवढंच तो करत होता. टोळी मागे हटली आणि तोही कोसळला. उजेड झाल्यावर अधिकाऱ्यांनी रक्ताने माखलेल्या वाटा, टाकून दिलेली हत्यारं आणि कापलेल्या तारा पाहून अंदाज बांधला की हल्लेखोर वीसहून जास्त असावेत आणि त्यांतले चौघे मेले असावेत. जॉन्सनच्या अंगावर 21 जखमा होत्या. फ्रान्सने दोघांना ‘क्रॉआ द गेर’ हे शौर्यपदक दिलं, जॉन्सनचं तर सोनेरी ताडपत्राचं चिन्ह जोडलेलं. अमेरिकी सेनेतल्या साध्या शिपायांमध्ये ते मिळवणारे हे पहिले दोघे. त्याच्या स्वतःच्या सेनेने त्या वर्षी त्याला काही दिलं नाही.

ऑगस्टमध्ये एक कागद फिरतो. अमेरिकी मुख्यालयातले फ्रेंच संपर्क अधिकारी कर्नल लिनार यांनी आपल्या फ्रेंच अधिकाऱ्यांसाठी तो काढला आहे. या काळ्या अधिकाऱ्यांशी फार जवळीक ठेवू नका, त्यांच्याबरोबर जेवू नका, कामापलीकडे हात मिळवू नका, गोऱ्या अमेरिकनांच्या देखत तर त्यांची फार स्तुती करूच नका, आणि गावकऱ्यांनाही त्यांच्याशी सलगी करण्यापासून आवरा, असा त्याचा आशय. कारण एकच दिलेलं आहे, ते म्हणजे अमेरिकेतल्या गोऱ्यांना ते रुचत नाही. पलटणीतली माणसं आघाडीवर मरत होती तेव्हाच मागच्या एका कचेरीत हा मजकूर टंकलिखित झाला. पुढच्या मे महिन्यात डू बॉइसनी तो ‘द क्रायसिस’मध्ये जसाच्या तसा छापला. खांद्याला खांदा लावा म्हणणारे तेच डू बॉइस, त्याच अंकात आता लिहीत होते की आम्ही लढून परतलो आहोत ते घरी पुन्हा लढायला.

सप्टेंबरच्या अखेरीचं म्यूज-आर्गोनचं आक्रमण मी तुम्हाला पूर्ण पाहायला लावत नाही. दोर्म्वाझची ओढ्यासारखी नदी, पलीकडे मशीनगन, 29 तारखेला घेतलेलं सेशो हे गाव, आणि चार दिवसांत शेकडो माणसं पडलेली. फक्त एका खड्ड्यात डोकवा. तिथे हॉरेस पिपिन पडला आहे. बंदूकधाऱ्याची गोळी त्याच्या उजव्या खांद्यातून गेली आहे. हा हात पुढे कधी खांद्यावर उचलला जाणार नाही. पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट चेस्टरला परत गेल्यावर, कित्येक वर्षांनी, तो डाव्या हाताने उजव्या मनगटाला आधार देऊन चित्र काढू लागेल. युद्धाच्या शेवटाचं पहिलं तैलचित्र पुरं करायला त्याला तीन वर्षं लागतील, रंगाचे थर एकावर एक इतके जाड की चित्र पृष्ठभागावरून वर आलेलं. अमेरिकेतल्या मोठ्या चित्रकारांत पुढे त्याची गणना झाली.

पलटण 191 दिवस आघाडीवर राहिली. सुमारे 1,500 माणसं मेली किंवा जखमी झाली. सबंध पलटणीला फ्रान्सने क्रॉआ द गेर दिलं. ऱ्हाइनच्या काठी पोचलेल्या दोस्तांच्या अगदी पहिल्या तुकड्यांत ती होती.

आणि हेवर्डनी निश्चय पाळला. 17 फेब्रुवारी 1919, फिफ्थ ॲव्हेन्यू. दोन्ही फुटपाथ माणसांनी फुललेले. तुम्ही गर्दीत रेटा देत पुढे या. आधी दुरून बँड ऐकू येतो, मग ते दिसतात. फ्रेंच पद्धतीने रुंद, घट्ट ओळींत, खांद्याला खांदा चिकटवून, डोक्यावर लोखंडी टोप, संगिनी लावलेल्या. चेहऱ्यांवर हसू नाही. सगळा रस्ता भरून एक भिंत चालत आल्यासारखी वाटते. श्रीमंतांच्या हवेल्यांच्या खिडक्यांतून रुमाल हलतात. उघड्या मोटारीत हेन्री जॉन्सन उभा आहे, हातात फुलांचा गुच्छ, आणि लोक त्याचं नाव घेऊन ओरडत आहेत.

110 व्या रस्त्यापर्यंत हा कडकपणा टिकतो. तिथून हार्लेम सुरू होतं. ओळी सैल सोडायचा हुकूम येतो, म्हणजे घरच्यांना आपापली माणसं ओळखता येतील. बँडही लष्करी चाल सोडून बाप घरी आल्याचं एक नाचरं गाणं धरतो आणि मग शिस्त कसली. बायका रांगांत घुसतात, मुलं बापाच्या बोटाला धरून चालू लागतात, एखादी म्हातारी प्रत्येक चेहऱ्यात आपला शोधत राहते. तुमच्या शेजारच्या बाईने तुमच्या दंडाला घट्ट धरलं आहे आणि तिला त्याचं भानही नाही. इथे हवा तेवढा वेळ थांबा. यांच्या वाट्याला असा दिवस पुन्हा आला नाही.

मे महिन्यात जिम युरोप बॉस्टनमध्ये कार्यक्रमाच्या मध्यंतरात आपल्याच एका ढोलकवाल्याच्या चाकूने गेला. 14 जुलैला पॅरिसमध्ये विजयाचं संचलन झालं. फ्रेंचांनी आपल्या आफ्रिकी पलटणींना त्यात चालवलं, अमेरिकेच्या तुकडीत एकही कृष्णवर्णीय शिपाई नव्हता. त्याच जुलैत वॉशिंग्टन आणि शिकागो पेटले. शिकागोत 38 माणसं मेली, त्यांत 23 कृष्णवर्णीय. त्या वर्षभरात गणवेशातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, काही तर गणवेशातल्याच, किमान दहा कृष्णवर्णीय शिपायांना जमावांनी ठार केलं. गणवेश घालून फिरतो म्हणजे याला माज आला, हे कारण पुरे होतं.

आर्कन्सॉमध्ये एकदाच उतरा. ऑक्टोबर 1919 चा आरंभ. एलेन गावाच्या आसपास बटाईने कापूस पिकवणाऱ्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी योग्य भाव मागण्यासाठी संघटना काढली, तिच्या सभेवर गोळीबार झाला आणि मग सशस्त्र गोऱ्या टोळ्यांनी व पाठोपाठ आलेल्या सैन्याने रानोमाळ माणसं मारली. त्या भांडणाशी काही संबंध नसलेले हेलेना गावचे चार जॉन्स्टन भाऊ शिकारीहून परतत होते. त्यांना गाडीतून उतरवलं, पकडून मोटारीत घातलं आणि गोळ्या घालून मारलं. त्यांतला लेरॉय जॉन्स्टन 369 व्या पलटणीत होता. फ्रान्समध्ये जखमी होऊन, बरा होऊन तो घरी आला होता.

हेन्री जॉन्सनचं काय झालं? सेनेने त्याचं चित्र भरतीच्या जाहिरातींत वापरलं, त्याला व्याख्यानांना पाठवलं. 1919 च्या मार्चमध्ये सेंट लुईच्या सभेत, खंदकात काळे-गोरे कसे भावासारखे राहिले हे ऐकायला लोक जमलेले असताना, त्याने गोऱ्या शिपायांनी शेजारी खंदकात बसायलाही नकार दिला ते सांगून टाकलं. त्यानंतर बोलावणी आटली. मोडलेल्या पायाने बॅगा उचलता येईनात, म्हणून स्टेशनावरची हमाली गेली. संसार मोडला. 1929 च्या जुलैत तो वॉशिंग्टनमध्ये मेला, वयाची चाळिशीही न गाठता. कुठल्यातरी बेवारशांच्या जागेत पुरला असेल असं त्याच्या आठवणी जपणाऱ्यांना कित्येक दशकं वाटत होतं. प्रत्यक्षात तो आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत होता, आणि हे उमगायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

2 जून 2015 ला व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्याच्यासाठी मेडल ऑफ ऑनर दिलं. त्याच्या नावासाठी एक कुटुंब वर्षानुवर्षं झगडलं होतं, आपण त्याचेच वंशज अशी त्यांची श्रद्धा होती. कागदपत्रांत रक्ताचं नातं सापडत नाही असं सेनेने त्यांना ऐन वेळी कळवलं. पदक न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका सुभेदार मेजरच्या दर्जाच्या शिपायाने स्वीकारलं. 2021 मध्ये सबंध पलटणीला काँग्रेसचं सुवर्णपदक जाहीर झालं. 2023 मध्ये ह्यूस्टनच्या बंडात दोषी ठरलेल्या 110 शिपायांच्या शिक्षा सेनेने रद्द केल्या, फाशी गेलेल्यांच्याही.

त्याच 2023 च्या जूनमध्ये लुइझियानातल्या फोर्ट पोल्कच्या फाटकाशी या. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या, स्वतः शेकडो गुलाम बाळगलेल्या लिओनिडस पोल्क या जनरलचं नाव या तळाला होतं. ते उतरवून फोर्ट जॉन्सन असं नाव चढवलं जात आहे. ऑल्बनीच्या हमालाचं नाव. दोन वर्षांनी, 2025 मध्ये, ते काढून पुन्हा फोर्ट पोल्क केलं गेलं; या वेळी त्याच आडनावाचे, दुसऱ्या महायुद्धातले जेम्स पोल्क शोधून काढले. जेम्स पोल्क शूर होते, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नाव कोणाचं लावलं यापेक्षा कोणाचं उतरवलं हे मला जास्त लागतं. हेन्री जॉन्सनच्या शौर्याची दोन देशांनी खात्री करून घेतली होती, त्याबद्दल कुठे वाद उरला नव्हता, आणि तरीही जुनी पाटी परत लावायला जागा हवी तेव्हा उतरवायला त्याचंच नाव सोपं वाटलं.